हाफकिन : नाव ओळखीचे, माणूस अनोळखी

मुंबईत परळला राहिलेल्या, किंवा के.ई.एम. आणि टाटा रुग्णालयात आप्तांसाठी खेटे घातलेल्या कुणालाही ‘हाफकिन’ हे नाव नवे नाही. गावाकडच्या मंडळींना ते सर्पदंशावरच्या इंजेक्शनमुळे ठाऊक असते. अनेक मराठी घरांतून कुणीतरी मामा, काका ‘हाफकिनला’ नोकरीस होते. पण हे नाव एका माणसाचे आहे, तो कोण, कुठला, इथे कशाला आला, हे विचारले तर बहुतेकांची मजल ‘कुणीतरी इंग्रज डॉक्टर असावा’ इथवर जाते. यातले दोन्ही शब्द चुकीचे आहेत. वाल्देमार मोर्देकाई हाफकिन जन्माने इंग्रज नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. या दोन्ही गोष्टींची किंमत त्यांना आयुष्यभर मोजावी लागली.

आपल्या स्मरणिकेत त्यांच्यावर लिहावेसे वाटले त्याला एक छोटे निमित्तही आहे. सार्वजनिक गणेशोत्सवाशी आपण १८९३ हे साल जोडतो. त्याच वर्षी मार्च महिन्यात हाफकिन कलकत्त्याच्या बंदरात उतरले. पुढची बावीसेक वर्षे, मधला एक कडवट खंड सोडला तर, त्यांनी या देशात काढली. आग्रा, कलकत्ता, आसामचे चहामळे, मुंबई, बडोदे, पंजाब अशी त्यांची पायपीट आहे. महाराष्ट्राबाहेर राहून महाराष्ट्राशी नाते सांगणाऱ्या आपल्यासारख्यांना ती जवळची वाटावी.

त्यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओदेसा शहरातला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे, तेव्हा ते रशियन साम्राज्यात होते. घराणे ज्यू. ओदेसाच्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले आणि तिथे त्यांना गुरू भेटले ते इल्या मेचनिकॉव्ह. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हे दाखवून देणारे आणि त्यासाठी पुढे नोबेल मिळवणारे हेच ते मेचनिकॉव्ह. विद्यार्थिदशेत हाफकिन झारविरोधी क्रांतिकारकांच्या वर्तुळात वावरत होते. १८८१ साली ओदेशात ज्यूंवर हल्ले झाले तेव्हा ते ज्यू तरुणांच्या संरक्षक पथकात उतरले, जखमी झाले आणि तुरुंगातही गेले. मेचनिकॉव्ह मध्ये पडले म्हणून सुटले. पुढे विद्यापीठात बढतीची संधी आली ती एका अटीवर, की ज्यू धर्म सोडून रशियन ख्रिस्ती पंथ स्वीकारायचा. हाफकिन यांनी नकार दिला आणि १८८८ साली देश सोडला.

जिनिव्हात थोडे दिवस शिकवल्यावर ते पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गुरूंपाशी पोचले. तिथे एकच जागा रिकामी होती, ग्रंथालयातल्या मदतनिसाची. त्यांनी ती घेतली. दिवसा पुस्तके लावायची, फावल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचे. पुढे अलेक्झांडर येर्सिन हे तरुण शास्त्रज्ञ पूर्वेकडे निघून गेले आणि त्यांच्या जागेवर हाफकिन यांची वर्णी लागली. गंमत पाहा, याच येर्सिन यांनी १८९४ साली हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला आणि त्या जंतूवरची लस पुढे हाफकिन यांनी केली.

पॅरिसमध्ये त्यांनी हाती घेतला तो कॉलरा, आपल्या आज्या जिला पटकी किंवा जरीमरी म्हणत. रोग्याकडून मिळालेला जंतू कमी-अधिक जहाल असतो, त्यामुळे त्याची लस करायची तर आधी त्याच्या जहालपणाला माप हवे, असा त्यांचा विचार होता. म्हणून त्यांनी एका गिनिपिगच्या पोटातून दुसऱ्याच्या, दुसऱ्यातून तिसऱ्याच्या असा जंतू फिरवत नेला आणि त्याची ताकद एका ठरावीक पातळीला आणली. दुसऱ्या बाजूने उष्णतेत, हवेच्या सतत झोतात वाढवून त्यांनी सौम्य जंतूही तयार केला. आधी सौम्य टोचायचा, काही दिवसांनी जहाल. १८ जुलै १८९२ रोजी त्यांनी पहिली सुई स्वतःलाच टोचली. ताप आला, दुखले, उतरले. सहा दिवसांनी दुसरी सुई. मग काही रशियन मित्रांनी टोचून घेतले.

पॅरिसमधल्या वडीलधाऱ्यांनी मात्र फारसा उत्साह दाखवला नाही. गिनिपिग वाचला म्हणून माणूस वाचेल असे नाही, ही त्यांची शंका होती आणि ती रास्त होती, हे मान्य केले पाहिजे. शास्त्रात शंका घेणारा हा शत्रू नसतो. स्वतःला टोचून हाफकिन यांनी सिद्ध केले ते एवढेच की या लशीने माणूस मरत नाही. ती कॉलऱ्यापासून वाचवते का, हे कळायचे तर जिथे कॉलरा आहे तिथेच जायला हवे होते. त्यांना रशियात जायचे होते, सयामचाही विचार होता. त्या वेळी पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते लॉर्ड डफरिन, काही वर्षांपूर्वीचे आपले व्हाइसरॉय. त्यांनी हिंदुस्थान सुचवला.

अशा रीतीने सरकारी पदवी नाही, वैद्यकाची पदवी नाही, आणि जारशाहीविरोधी म्हणून नोंदलेला एक रशियन ज्यू प्राणिशास्त्रज्ञ इंग्रजांच्या हिंदुस्थानात आला. रशियाचा हेर असावा अशी कुजबुज व्हायची ती झाली. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या गोऱ्या डॉक्टरांना हा उपरा वाटला. त्यातल्या पुष्कळांचा अजून ‘रोग दूषित हवेने होतात’ यावर विश्वास होता. लष्करी छावण्यांतून, चहामळ्यांतून हिंडत त्यांनी पहिल्या वर्षात वीस हजारांहून अधिक लोकांना लस टोचली. पण मनासारखा पुरावा हाती येईना, कारण टोचले त्या ठिकाणी कॉलरा येईलच असे नाही, आणि पलटण बदली होऊन गेली की हिशेब तुटतो.

तो पुरावा मिळाला कलकत्त्यात. १८९४ च्या मार्चअखेर काटालबागान बस्तीत कॉलऱ्याचे चार रोगी सापडले. महापालिकेचे आरोग्य अधिकारी सिम्पसन यांनी हाफकिन यांना बोलावून घेतले. एकाच तळ्याचे पाणी पिणारी सुमारे दोनशे माणसे. त्यातल्या ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्याच बस्तीत कॉलऱ्याचे आणखी १० रोगी झाले, ७ दगावले, आणि ते सगळे न टोचलेल्यांपैकी निघाले. बस्त्यांमधून सुरुवातीला दगडही झेलावे लागले होते. तेव्हा हाफकिन आधी स्वतःला सुई टोचून दाखवत. त्यांच्याबरोबर बंगाली डॉक्टर होते, तेही तसेच करत. हे लोकांना पटले. बस्तीतल्या माणसाला आकडे कळत नसतील, पण सांगणारा स्वतः घेतो की नाही हे त्याला नेमके कळते.

आता मुंबई. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगश या गोमंतकीय डॉक्टरांनी एका रोग्याच्या गाठीवरून प्लेग ओळखला आणि तसे जाहीरपणे सांगितले. बंदराचे शहर, कापसाचा व्यापार. प्लेग म्हटल्यावर जगभरची बंदरे मुंबईला बंद होणार, म्हणून अनेकांना ते ऐकूनच घ्यायचे नव्हते. पण काही महिन्यांत निम्मी मुंबई गाठोडी बांधून कोकणात, देशावर, गुजरातेत निघून गेली, आणि प्लेगही तिच्याबरोबर गेला. (उंदीर आणि पिसवा यांचा संबंध तेव्हा कळलेला नव्हता. तो १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने दाखवला आणि त्याच्यावरही कित्येक वर्षे कुणी विश्वास ठेवला नाही.)

ऑक्टोबरमध्ये सरकारने हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईस आणले. भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना प्रयोगशाळा म्हणून मिळाली एक खोली आणि तिच्यापुढची पडवी. हाताखाली एक कारकून आणि तीन पट्टेवाले. एवढ्या लवाजम्यावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली. कामाचा रेटा असा की एक सहायक मानसिकदृष्ट्या कोलमडला आणि दोघे सोडून गेले.

लस करण्याची रीत वाचली की स्वयंपाकघराची आठवण होते. जंतू वाढवायला मांसाचा रस लागतो. युरोपात त्यासाठी गोमांस वापरत. इथे ते चालणार नाही हे ओळखून हाफकिन यांनी बकऱ्याचे मांस घेतले. त्या रसावर ते तुपाचे थेंब सोडत. प्लेगचा जंतू तुपाच्या तवंगाला धरून वाढतो आणि गुहेच्या छतावरून लोंबावेत तसे त्याचे बारीक झुपके खाली लोंबू लागतात. दिसायला सुरेख, आणि ओळखायलाही सोपे, कारण भलताच जंतू शिरला तर असे झुपके होत नाहीत. चंबू हलवला की झुपके तळाशी बसतात आणि वर नवे येतात. असे पाच-सहा आठवडे केल्यावर चंबू तापवून जंतू मारून टाकायचे आणि वरून थोडे कार्बोलिक आम्ल घालायचे. कॉलऱ्याची त्यांची लस जिवंत जंतूंची होती, ही मेलेल्या जंतूंची.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचली. पुढे लोकांसाठी जेवढा डोस ठरला त्याच्या तिपटी-चौपटीने मोठा डोस घेतला. ताप भरला, जागा सुजली, पण ते उठून कामाला लागले. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे दीडशे कैद्यांना लस दिली, पावणेदोनशेच्या आसपास कैदी तसेच राहिले. टोचण्याच्याच दिवशी काही कैदी आजारी पडले. त्यांच्या अंगात रोग आधीच मुरलेला होता. ते वगळल्यावर, न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला आणि ६ गेले. टोचलेल्यांत दोघांना झाला, दोघेही वाचले. तुरुंग म्हणजे सगळ्यांचे अन्न एक, जागा एक, दिनक्रम एक. त्यामुळे हे आकडे लहान असूनही बोलके ठरले.

त्यानंतर मागणी वाढली. खोजा समाजाचे प्रमुख तिसरे आगाखान तेव्हा एकोणीस-वीस वर्षांचे होते. त्यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले, आणि एकदा नव्हे, अनेकदा. समाजातल्या हजारोंनी त्यांचे अनुकरण केले. प्रयोगशाळेला जागा पुरेना तेव्हा त्यांनी आपला बंगला वापरायला दिला. शेवटी १८९९ च्या ऑगस्टमध्ये परळचे जुने गव्हर्न्मेंट हाऊस प्रयोगशाळेला मिळाले. कधीकाळी गव्हर्नरांचा निवास असलेली ही वास्तू १८८० च्या दशकात एका गव्हर्नरांच्या पत्नी तिथे कॉलऱ्याने गेल्यावर ओस पडत गेली होती. कॉलऱ्याने रिकाम्या केलेल्या घरात कॉलऱ्याची लस शोधणारा राहायला आला.

पण हे सगळे ज्या वातावरणात चालले होते ते विसरून चालणार नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी सरकारने साथरोग कायदा केला. २०२० साली करोनाच्या वेळी जो पुन्हा काढला गेला तोच हा कायदा. त्याच्या जोरावर पुण्यात प्लेग कमिशनर रँड यांनी गोरे सोजीर घराघरांत घातले. देवघरे, माजघरे धुंडाळली गेली, बायकांची रस्त्यावर तपासणी झाली, सामान जाळले गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. त्याच वर्षी १० मार्चला प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. मुंबईत त्याआधीच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता, कारण तिथे माणसांच्या शरीरातून मोमियाई काढतात अशी आवई उठली होती.

आता विचार करा, ज्या सरकारचे सोजीर बुटांनिशी देवघरात शिरले त्याच सरकारच्या शिक्क्याची बाटली दुसऱ्या दिवशी दाराशी आली, तर आपल्या पणजोबांनी दंड पुढे केला असता का? आजच्या पुस्तकांतून त्या लोकांना सरसकट अडाणी म्हटलेले वाचले की मला राग येतो. त्यांचा अविश्वास सुईवर कमी आणि सुई धरणाऱ्या हातावर जास्त होता. हाफकिन यांना हे कळत होते असे दिसते, कारण टोचणे ऐच्छिकच असले पाहिजे हा आग्रह त्यांनी सोडला नाही. झारच्या राज्यात वाढलेल्या माणसाला जबरदस्तीची चव ठाऊक असणारच.

मुंबई इलाख्यात आणि आसपास त्यांनी जमवलेल्या पुराव्याबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण लस खरी की खोटी हे कसे ठरते ते त्यात दिसते. १८९७ साली पोर्तुगीजांच्या दमणमध्ये मोठी साथ आली. सुमारे बावीसशे लोकांनी टोचून घेतले, त्यात ३६ मृत्यू. न टोचलेले सुमारे सहा हजार, त्यात चौदाशेहून अधिक. आकडे पाहून कुणीही म्हणेल, झाले सिद्ध. पण थांबा. टोचून घ्यायला पुढे आले ते कोण? कदाचित जरा शिकलेले, जरा बऱ्या घरात राहणारे, ज्यांच्या घरात उंदीर कमी होते असे. मग ते वाचले ते लशीने की घराने? हा प्रश्न हाफकिन यांना पडला.

त्याचे उत्तर बडोदे संस्थानात मिळाले. सयाजीराव महाराजांच्या या संस्थानात बडोद्यापासून काही मैलांवर उंढेरा नावाचे गाव आहे. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे प्लेग चालू होता. हाफकिन यांनी गावाची घरवार मोजणी करून घेतली, एकेक कुटुंब समोर उभे केले आणि प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना टोचले. वय, स्त्री-पुरुष, प्रकृती यांचा तोल राहील असे पाहून. म्हणजे घर एक, चूल एक, उंदीर तेच. भाऊ टोचलेला, बहीण न टोचलेली. दीड महिन्याने हिशेब मांडला. टोचलेले ५१३, त्यात प्लेग ८ जणांना, मृत्यू ३. न टोचलेले ४३७, त्यात प्लेग २७ जणांना, मृत्यू २६.

या २६ माणसांपाशी मी दर वेळी अडखळतो. निम्म्यांना मुद्दाम वगळणे योग्य होते का? एक बाजू अशी की लस उपयोगी आहे हे तोवर कुणालाच खात्रीने ठाऊक नव्हते. ते कळण्यासाठीच हे चालले होते, आणि कळल्यावर लाखोंना लाभ झाला. दुसरी बाजू अशी की हाफकिन यांना मनोमन विश्वास होताच, नाहीतर ते गावोगाव कशाला फिरले असते? गावकऱ्यांना हा हिशेब कितपत समजावून सांगितला होता, असेही मनात येते. आज अशा चाचणीला आधी नीतिसमितीची परवानगी लागते, लेखी संमती लागते, आणि कुणाला काय द्यायचे हे माणसाने न ठरवता चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते. ती पद्धत ब्रिटनमध्ये १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीतून रूढ झाली. आपण करोनाची लस घेतली तिच्यामागे अशाच चाचण्या होत्या. त्या वाटेवर पन्नास वर्षे आधी उंढेऱ्याची माणसे उभी आहेत, हे मात्र आपल्याला कुणी शिकवत नाही.

लशीचे यश ऐकून पंजाब सरकारने १९०२ साली प्रचंड मोहीम काढली. परळहून लाखोंनी डोस हवे होते. वेग वाढवण्यासाठी हाफकिन यांनी रीत थोडी बदलली. कार्बोलिक आम्ल घालणे सोडून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ही रीत वापरात होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुल्कोवाल या खेड्यात १०७ जणांना लस टोचली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. आठवडाभराने त्यातल्या १९ जणांचे जबडे आवळले, शरीरे धनुष्यासारखी वाकली. धनुर्वात. १९ च्या १९ दगावले. आणि त्या सगळ्यांना दिलेली लस एकाच बाटलीतली होती. तिचा क्रमांक ५३-एन.

उरलेल्या बाटल्यांतली लस घेतलेले ८८ जण ठणठणीत होते. मग त्या एका बाटलीत धनुर्वाताचा जंतू शिरला कुठे? परळला भरताना, की मुल्कोवालला उघडताना? सरकारने चौकशी आयोग नेमला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स अध्यक्ष, सोबत दोन लष्करी डॉक्टर. लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटने मत दिले होते की जंतू नेमका कोणत्या टप्प्यावर शिरला हे सांगता येणार नाही. तरी आयोगाने ठपका परळवर ठेवला, कार्बोलिक वगळल्याचा दोष काढला. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर केले गेले. १९०४ साली ते इंग्लंडला परतले, बिनपगारी, बदनाम. आणि तो अहवाल सरकारने प्रसिद्ध केला १९०६ च्या अखेरीस. तोपर्यंत आपल्यावरचा आरोप जगापुढे खोडून काढायलाही त्यांच्या हाती काही नव्हते.

अहवाल बाहेर आल्यावर मात्र जाणकारांनी तो बारकाईने वाचला, आणि साक्षींच्या कागदांत दोन गोष्टी सापडल्या. पहिली, ती बाटली उघडताना तिथल्या मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर न तापवता कार्बोलिकच्या पाण्यात नुसता खळबळून त्याच चिमट्याने बूच काढले गेले. धनुर्वाताचा जंतू मातीतच असतो, हे सायकलवरून पडून इंजेक्शन घेतलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. दुसरी गोष्ट अशी की हा जंतू वाढला की घाण वास मारतो. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू परळलाच शिरला असता तर बूच काढताच नाकाला कळले असते. टोचणाऱ्या अधिकाऱ्याने तर बाटलीचा वास घेऊन पाहिला होता आणि तसे काही आढळले नव्हते.

मलेरिया डासांमुळे होतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस या प्रकरणात पेटून उठले. जुलै १९०७ मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये छापून आले. पार्लमेंटात प्रश्न निघाले. फ्रान्समध्ये ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्याला खोट्या आरोपात अडकवल्याचे प्रकरण ताजे होते. हाफकिन प्रकरणालाही लोक लहान ड्रायफस प्रकरण म्हणू लागले. अखेर १९०७ च्या शेवटी सरकारने त्यांना परत सेवेत बोलावले. पण दरम्यानची चार-पाच वर्षे काय झाले? मुल्कोवालची बातमी पंजाबभर पसरली आणि लोकांनी लशीकडे पाठ फिरवली. प्लेगने मात्र पाठ फिरवली नाही. १९०७ या एका वर्षात देशात दहा लाखांहून अधिक माणसे प्लेगने मेली, आणि सर्वांत मोठा तडाखा पंजाबला बसला.

चूक कुणाची, यावर मला एवढेच म्हणायचे आहे की चिमटा पडलेल्या त्या मदतनिसालाही फाशी देण्यात अर्थ नव्हता. दिवसाला शेकडो माणसे टोचायची घाई आणि उघड्यावरचे टेबल, त्यात चिमटा कुणाच्याही हातून पडेल. आयोगाला कारण शोधायचे होते की माणूस शोधायचा होता, हा खरा सवाल आहे. आणि माणूस शोधायचाच तर उपरा, पदवी नसलेला, ज्यू असा एक हाताशी होताच. कार्बोलिक वगळणे हा निर्णयही मला निर्दोष वाटत नाही. लांबच्या खेड्यात बाटली कशी हाताळली जाईल याची कल्पना असताना तेवढे संरक्षण ठेवायला हरकत नव्हती. पण तो निर्णय वेगळा आणि १९ मृत्यूंचा आरोप वेगळा.

परतल्यावर त्यांना परळ मिळाले नाही. कलकत्त्याच्या एका प्रयोगशाळेचे प्रमुखपद मिळाले, संशोधनापुरते. माणसांवर लशीच्या चाचण्या घ्यायची मुभा मात्र पुन्हा दिली गेली नाही. ज्याने आयुष्यभर बस्त्या, तुरुंग आणि गावे पालथी घातली त्याला सात वर्षे खोलीत बसवून ठेवले. १९१४ साली निवृत्तीचे वय होताच ते निघून गेले, पुन्हा आले नाहीत.

उरलेले आयुष्य फ्रान्समध्ये आणि शेवटची दोन वर्षे स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात गेले. लग्न केले नाही. उतारवयात ते धर्माकडे वळले आणि ज्यू आचारधर्माच्या बाजूने त्यांनी लेखनही केले. प्रयोगशाळेतला माणूस सोवळ्या-ओवळ्यात रमला याचे काहींना नवल वाटते. आपल्याकडे मोरयाची आरती करून प्रयोगशाळेत जाणारी मंडळी आपण रोज पाहतो, त्यामुळे आपल्याला वाटू नये. आपली सगळी पुंजी त्यांनी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशाळांतील विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ठेवली. त्या विद्यार्थ्यांनी शास्त्रविषयही शिकावेत, अशी त्यांची इच्छा होती.

१९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. तोपर्यंत त्या वास्तूतून प्लेगच्या लशीचे दोन कोटी साठ लाख डोस बाहेर पडले होते. नामकरणाची बातमी युरोपात त्यांना पोचली तेव्हा त्यांनी संचालकांना उलट पत्र लिहिले. मुल्कोवालचा त्यात उल्लेख नाही, तक्रार नाही. आयुष्यातली सर्वांत चांगली वर्षे मुंबईच्या कामात गेली, अशा अर्थाचे त्यांनी लिहिले आणि तिथल्या सर्वांना शुभेच्छा दिल्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझानला ते वारले. १९६४ साली भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले.